नाला एकच, बात दारोदार येगळी

आमच्या घरामागं नाला आहे. मनीषनगरच्या मोठ्या बिल्डिंगांचं सारं पाणी त्यातून वाहते, अन् आमच्या बाजूनं काठाले काहीच नाही, भिंत नाही, जाळी नाही, मागचं दार उघडलं का उतारच. माही पोट्टी तवा नुकतीच चालायले लागली होती. भात टाकता टाकता बी एका हातानं मी तिचा फ्रॉक धरून ठेवे. एक दिवस फ्रॉक सुटला, अन् पाह्यलं तं पोट्टी काठावर बसून नाल्यात गोटे फेकून राहिली होती. मी आवाज नाही दिला. आवाज दिला असता तं ती वळली असती. हळूच मागून गेली, उचलली, अन् घरात येऊन मागचं दार लावून घेतलं. तवाच ठरवलं, का भिंत पाह्यजे म्हणजे पाह्यजे.

पण मी सातवीपर्यंत शिकलेली, खाप्याहून लग्न होऊन आलेली, अर्ज कुठं द्यायचा हे बी मले माहीत नव्हतं. नवरा कळमन्याच्या धान्यबाजारात पोते उचलते, त्याले टाइम नाही. तेवढ्यात वार्डाची निवडणूक आली. एक ताई उभी राहिली, ती नाल्याच्या पल्याडचीच, आमच्या अंगणात येऊन म्हणे का पहिलं काम भिंतीचं. मंग मी पोट्टीले कडेवर घेतलं अन् तिच्या प्रचारात फिरायले लागली.

ताईचा प्रचार एक भाऊ पाहे. त्यानं आम्हा बायांले शिकवलं का विकास-फिकास बोलू नका, भीती घाला, माणूस भीतीनंच बटन दाबते. मले ते सोपं वाटलं. भीती तं माह्याजवळ घरचीच होती.

पहिलंच दार गल्लीतल्या म्हातारीचं. तिची सून पोटुशी. सांज झाली होती, म्हातारी तुळशीपाशी दिवा लावून राहिली होती. मी धापा टाकतच गेली अन् एका दमात बोलून मोकळी झाली, का आजी, भिंत नाही झाली अन् उद्या तुमचा नातू नाल्यात गेला तं?

म्हातारीचा हात दिव्यावरच थांबला. सून गुपचूप आत निघून गेली.

"दिवे लावाच्या टायमाले, माह्या दारात, जे अजून जन्माले नाही आलं त्याच्यावर असं बोलतं वं तू?" म्हातारी म्हणे. "तोंडात जीभ हाये का जळता इंगळ?"

दार लागलं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बाया मले पाहून दार लोटून घेत. सासू चिडली, म्हणे तिन्हीसांजेले वास्तू तथास्तु म्हणत राहते, बोललेलं लागते, तुह्या मायनं शिकवलं नाही का. शिकवलं होतं. भीतीत कुठं आठवते.

पण मी सोडलं नाही. सकाळच्या उन्हात गेली, म्हातारी गहू पाखडून राहिली होती, तिच्याजवळ जाऊन बसली. नाल्याचं नावच नाही काढलं. पोट्टी सुपातले दाणे वेचून तोंडात टाके. मंग हळूच म्हटलं, "आजी, मागं भिंत झाली का नातवाले अंगणात मोकळं सोडता येईन. तुमची बाज बी तिथंच टाकू, थंडा वारा येते."

म्हातारीनं मान वर केली नाही, सूप बी थांबवलं नाही. पण पाखडता पाखडताच विचारलं, का बाजेवर सावली कोणत्या बाजूनं पडन. मी समजली, म्हातारीले भिंत दिसून राहिली.

हीच बात चौकातल्या चहाच्या ठेल्यावर माणसांले सांगतली तं सारे हासले. ठेलेवाला म्हणे, "वहिनी, मागच्या टायमाले निवडून आला त्यानं आम्हाले बगीचा दाखवला होता. तुम्ही भिंतीवरच काहून थांबल्या?" मले रडू येऊन राहिलं होतं, पण मी ठेल्याच्या मागं गेली अन् बोट दाखवलं. मागच्या पावसात तिथला काठ खचला होता, ठेल्याचा एक पाय इटांवर टेकवलेला. म्हटलं, "नवीन काही नको मागू भाऊ. आहे तेच जाईन आता." मंग कोणी हासलं नाही. जो तो वाकून इटा पाहून गेला.

प्रचारवाला भाऊ खूश झाला. म्हणे, तुह्यं लोकं ऐकतात, आता बायांले सांग का ताईच्या समोरचा उमेदवार निवडून आला तं बुलडोझर आणून नाल्याकाठची घरं पाडन. मी विचारलं, तो असं बोलला का. तं म्हणे, "तो नाही बोलला. पण तू बोलशीन तं खरं वाटन."

नाही म्हटलं अन् ताईनं रागानं भिंतच सोडली तं? पण त्या पोटुशा सुनेले मी काय म्हणून सांगू, का तुह्यं घर जाणार आहे? पोट्टी खांद्यावर झोपली होती. तिले सावरलं अन् बोलली, "भाऊ, ज्याच्या त्याच्या दारी मी बात बदलवते. नाला नाही बदलवत. तो आहे तेवढाच सांगीन."

त्यानं मले प्रचारातून काढलं. मी एकटीच फिरली, बिना झेंड्याची.

ताई निवडून आली. माह्यामुळं का कोणामुळं, मले नाही माहीत. पण भिंत काही आली नाही. मी जाई तं आज साहेब नाहीत, उद्या नकाशा नाही. तिले बी मी गोड बोलून पाह्यलं, का भिंत बांधा, लोकं तुमचं नाव काढतीन. ताई हासे अन् पोट्टीच्या हातावर बिस्कुट ठेवे.

म्हातारीले हे सांगतलं. तिचा नातू तवा पालथा पडायले लागला होता. म्हणे, चाल माह्यासंग. मी म्हटलं, उद्या सकाळी जाऊ.

"सकाळी काहून?" म्हातारी म्हणे. "दिवे लावाच्या टायमालेच जाऊ."

ताई दारातच तुळशीपाशी होती, हातात पेटती काडी. म्हातारी नातवाले खांद्यावर घेऊन समोर उभी राहिली अन् अगदी सावकाश बोलली, "ताई, भिंत नाही झाली तं पुढच्या टायमाले तुम्ही पडता."

ताईचा हात दिव्यावरच थांबला.

मी मागं उभी राहून हासू दाबून राहिली होती. वापस येताना म्हातारी एवढंच म्हणे, बोललेलं लागू दे आता.

इटांचा ट्रक आला. भिंत माह्या कंबरेएवढी झाली आहे, अन् तिथंच काम थांबलं आहे. भात टाकताना अजून बी मी पोट्टीचा फ्रॉक धरूनच ठेवते. आज संध्याकाळी, दिवे लावाच्या टायमाले, मी अन् म्हातारी पुन्हा ताईच्या दारी जाऊन राहिलो.