मामांनी नापसंत केलेली रत्नागिरी

गेल्या काही वर्षांत रत्नागिरीत ज्या ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतली एकही आमच्या हिच्या मामांनी नापसंत करायची शिल्लक ठेवलेली नाही. पाया खणलेला असो, स्लॅब पडलेला असो की रंग देऊन दारावर फुगे लावलेले असोत, मामा तिथे जाऊन, बघून, नाक मुरडून आलेले असणारच. बिल्डरांची माणसं त्यांना लांबून ओळखतात. एकाने तर आमची गाडी फाटकातून आत येताना पाहिली आणि नमुना फ्लॅटची किल्ली गुपचूप खिशात घातली. हे सगळं मी ऐकीव सांगत नाही. मामांना गाडी चालवता येत नाही आणि मला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे आंबा घाटातली वळणं मला आता झोपेतही पाठ आहेत.

मामा म्हणजे कोल्हापूरचा माणूस जेवढा कोल्हापूरचा असू शकतो, त्याहून थोडे जास्तच. शाहूपुरीत त्यांचं पंपांच्या सुट्या भागांचं दुकान. पुढे ते मुलगा बघू लागला आणि मामा गाव बघू लागले. त्यांचा आवाज असा, की ते दुकानातून घरी फोन करायचे तेव्हा फोनची गरज काय, असा प्रश्न शेजाऱ्यांना पडायचा. रस्त्याने चालले की दर चार पावलांवर कोणीतरी हाक मारणार, मामा थांबणार, त्याच्या बापाची तब्येत विचारणार, म्हशीची विचारणार, आणि मग ज्या कामाला निघाले होते ते उद्यावर जाणार. संध्याकाळी मात्र ते न चुकता गंगावेशीत. तिथे म्हशी आणून गिऱ्हाईकासमोर धार काढतात, आणि फेसाळ दुधाचा पेला उभ्या उभ्या रिकामा करून मिशीवर फेस घेऊन मामा जगाकडे प्रसन्न नजरेने बघायचे. मी त्यांचा भाचीजावई. लग्नाला इतकी वर्षं होऊन, डोक्याचे केस जाऊनही त्यांच्या लेखी मी ‘पावणं’च.

अशा माणसाला रत्नागिरीत घर कशाला हवं? तर ते हवं होतं मामींना. मामी रत्नागिरीच्या. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या आणि मामांच्या आवाजाखाली त्यांचा आवाज जो गेला, तो पुन्हा फारसा कोणी ऐकला नाही. इतकं हळू बोलायच्या, की दुसऱ्यांदा विचारायचा आपल्यालाच संकोच वाटावा. भावांनी माहेरचं घर विकलं, तिथे लॉज झालं, तेव्हाही त्या काही बोलल्या नाहीत. मग मुलाचं सगळं मार्गी लागल्यावर एकदा जेवण वाढता वाढता म्हणाल्या, “आता उरलेले दिवस समुद्राजवळ राहूया का हो?” मामींनी आयुष्यात मागितलेली ही पहिली गोष्ट. मामांनी तिथल्या तिथे ताटावर हात आपटून सांगितलं, “घेतलं! रत्नागिरीत घर घेतलं म्हणून समज!” आमटी सांडली, पण शब्द दिला गेला. मामींना प्रवासात गाडी लागते, म्हणून ठरलं असं, की आधी मामा पसंत करणार आणि मग त्यांना दाखवणार. आमच्या रविवारांची वाट लागली ती तेव्हापासून.

मामांची घर पारखायची रीत त्यांची स्वतःची होती. बिल्डरचा माणूस गच्ची आणि गॅलरी दाखवायला निघाला, की मामा आधी घरातले सगळे नळ एकदम सोडायचे आणि पाण्याचा जोर बघून, खाली न बघताच, कुठल्या ताकदीचा पंप बसवलाय ते सांगायचे. ते बऱ्याचदा चुकायचं. पण चूक पंपाची, असं ते ठामपणे म्हणत. मग दिवाणखान्याच्या मधोमध टॉवेल अंथरून आडवे व्हायचे. “पावणं, जिथं दुपारची झोप लागत न्हाय त्या घरात रातची काय लागनार?” पाठोपाठ घोरणं सुरू. बिल्डरचा माणूस आणि मी, दोघेही बूट काढून, आजारी माणसाच्या खोलीत बसावं तसे भिंतीला टेकून बसायचो. उठल्यावर प्रश्नांची फैर. चटणीच्या मिरच्या वाळवायच्या कुठं? गच्चीत, म्हटलं तर, “हितल्या दमट हवेत? मिरच्या वाळायच्या आधी मीच सादळीन की!” इमारतीला कट्टा न्हाय? मग संध्याकाळची माणसं बसत्यात कुठं? क्लब हाऊस आहे, असं एकाने अभिमानाने सांगितलं. मामांनी ते बघितलं. गुबगुबीत खुर्च्या, बंद दार, आत कोणी नाही. “ह्यो कट्टा न्हवं, दातांच्या डॉक्टरची वाट बघायची जागा हाय,” म्हणाले. आणि शेवटचा प्रश्न, जो ऐकून प्रत्येक बिल्डरचा माणूस माझ्याकडे केविलवाणं बघायचा: “म्हस कुठं पिळत्यात?”

पण खरी परीक्षा वेगळी. निघताना मामा जिन्यात उभे राहून पोटापासून एक हाळी द्यायचे, “ओ पावणंऽऽ!” आणि किती दारं उघडतात ते बघायचे. कोल्हापुरात अशी हाळी दिली तर अख्खी गल्ली बाहेर येईल, त्यातले निम्मे भांडायच्या तयारीने येतील, पण येतील. रत्नागिरीत एकही दार उघडायचं नाही. फार तर आतून कडी लावल्याचा आवाज यायचा. “बघितलं?” मामा म्हणायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला दुःखापेक्षा समाधानच जास्त दिसायचं. येताना घाटात मी मनाशी कोडं सोडवत बसायचो, की हा माणूस घर घ्यायला जातो की न घ्यायला? विचारायची सोय नव्हती, कारण शेजारी मामा खर्डा-भाकरी खात कोकणातल्या लोकांची कीव करत बसलेले असायचे. “मासं खायाचं म्हंजे काय जेवन झालं व्हय? निम्मा येळ काटंच काढायचं.”

दर वेळी डबा देताना मामी दारात उभ्या राहून मला हळूच विचारायच्या, “यावेळी मिळेल का हो?” आणि परत आल्यावर डबा घेताना नुसत्या माझ्याकडे बघायच्या. मी नकारार्थी मान हलवायचो.

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर आम्ही एक घर बघितलं. दुसरा मजला. नळांना जोर. मामांना झोप इतकी गाढ लागली, की मला उठवावं लागलं. खिडकीतून माडांच्या पलीकडे समुद्राची एक पट्टी दिसत होती. खाली जिन्याशेजारी कोणीतरी सिमेंटचा चांगला ऐसपैस कट्टा बांधला होता. मामांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला. निघताना त्यांनी हाळी दिली, पण जरा आखडूनच. लगेच समोरचं दार उघडलं आणि एक काकू हातात झारा घेऊन बाहेर आल्या. “कोण तो ओरडतोय? पाणी हवंय का? या आत!” त्यांचा आवाज मामांच्या तोडीचा होता. मामा हात जोडून, पाणी न पिताच खाली उतरले. म्हशीचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. गाडीत बसल्यावर म्हणाले, “न्हाय जमायचं.” का, विचारलं तर म्हणाले, “जिना डाव्या अंगाला हाय.”

त्या दिवशी डबा घेताना मामींनी माझ्याकडे बघितलं नाही. पुढच्या खेपेला डबा देतानाही काही विचारलं नाही. “सावकाश जा,” एवढंच म्हणाल्या. घरी हे सांगितल्यावर आमची ही मामांवर भयंकर चिडली, आणि मामा समोर नव्हते म्हणून माझ्यावर.

मी गंगावेशीत गेलो. मामा पेला तोंडाला लावून उभे होते. मी म्हटलं, “मामा, मामींनी विचारणं सोडलंय.” त्यांनी अर्धा पेला खाली ठेवला. अर्धा पेला ठेवलेले मामा मी त्याआधी पाहिले नव्हते. बराच वेळ धारेचा आवाज ऐकत राहिले आणि मग इतक्या हळू बोलले, की मला जवळ सरकावं लागलं.

“पावणं, ते घर चांगलं हाय. मला ठावं हाय. पर तिथं मी कोन? हितं नुसता हुबा ऱ्हायलो तर मानसं हाका मारत्यात. तिथं तिची मानसं, तिची बोली, तिचं जेवन. ती म्होरं चालनार आन् मी पिशवी घेऊन मागं. कुनी इचारलं तर ‘हे आमचे’ म्हननार. या वयात मला कोन वळखनार?”

“मामी इथे आल्या तेव्हा त्यांना कोण ओळखत होतं?” मी म्हणालो. बोलल्यावर वाटलं, फार बोललो. मामांनी पेला परत उचलला. फेस विरून गेला होता.

“तिनं कवा बोलूनच दावलं न्हाय की,” ते म्हणाले.

पुढच्या रविवारी गाडीत मामी होत्या. घाटात दोनदा थांबावं लागलं, पण रत्नागिरीच्या अलीकडचं हातखंबा सोडल्यावर त्यांनी काच खाली केली आणि ताठ बसल्या. घरात शिरल्यावर मामा नळाला गेले नाहीत, आडवे झाले नाहीत, दाराशी पिशवी धरून उभे राहिले. मामी खिडकीपाशी गेल्या. पदर तोंडाला लावून बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या होत्या. मग डोळे पुसून वळल्या आणि बिल्डरच्या माणसाला त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाल्या, “घर छान आहे. फक्त एक सांगा, इथे संध्याकाळी म्हशीचं ताजं दूध कुठे मिळेल? यांना लागतं.”

मामींना दुधाचा वाससुद्धा सहन होत नाही. मामा एकदम वळून जिन्यात गेले. मला वाटलं हाळी देणार, पण नुसताच नाक शिंकरल्याचा आवाज आला. घर त्याच दिवशी ठरलं.

ते तिकडे जाऊन आता वर्ष होत आलं. माझे रविवार मोकळे झाले आणि त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही. संध्याकाळी मीच गंगावेशीत जातो. दूधवाला विचारतो, “मामा काय म्हंत्यात?” आणि तेवढ्यात मामांचा फोन येतोच. गावाच्या टोकाला एक गोठा मिळालाय, पण धार त्यांच्या समोर काढत नाहीत, ही त्यांची तक्रार. “पावणं, जरा ऐकवा की,” म्हणतात. मी फोन म्हशीजवळ धरतो. हल्ली मामा फोनवर हळूच बोलतात, फोन कानाला दाबून धरावा लागतो. आणि मागून, त्या खालच्या कट्ट्यावरून, झाऱ्यावाल्या काकूंवरही ताण करणारा कुणाचा तरी मोठा, खणखणीत हसण्याचा आवाज येतो. तो मामींचा आहे हे ओळखायला मला पहिल्यांदा बराच वेळ लागला.