महिपत गोजरचं दहा सेकंदांचं बळ

सापगावच्या महिपत गोजरने आटगावात पत्र्याच्या शेडमध्ये जिम काढली, तेव्हा निम्मी वजनं रंगाच्या डब्यांत सिमेंट ओतून केलेली होती. ज्ञान मात्र अस्सल होतं. स्नायू एटीपी नावाच्या रेणूवर चालतो. तो दोन-तीन सेकंदांत खर्ची पडतो. फॉस्फोक्रिएटिन त्याची भरपाई करतं, तेही दहाएक सेकंदांत आटतं. मग ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, फोडायची. नियमाने वजनं उचलली की हे दोन्ही साठे वाढतात.

महिपतने ते वाढवले एकाच माणसासाठी. थोरला चुलतभाऊ नवसू दर पावसाळ्यात दोघांच्या खाचरांमधला बांध कोरायचा आणि महिपतच्या भातात सरकवायचा. "बांधाला पाय असतात रे महिप्या," म्हणायचा.

श्रावणातल्या सोमवारी दुपारी नवसूने पुन्हा बांध फोडला. महिपतने सकाळीच पायांचा दमछाक करणारा व्यायाम केला होता आणि सोमवार म्हणून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. रिता झालेला साखरेचा साठा भाताशिवाय भरत नाही. पुस्तकांत ही चूक नोंदलेली नाही. ती लिहिणारे श्रावण पाळत नसावेत.

"दादा, आज बांध नाय हलणार."

"तुज्या डब्यांना विचारून हलवू काय?"

पहिले दहा सेकंद महिपतचे होते. त्यात नवसूचं नाक फुटलं, एक दात ओठातून बाहेर आला आणि बरगडी वाजली ती महिपतची बायको सरिता हिला पलीकडे तण बेणताना ऐकू आली. अकराव्या सेकंदाला महिपतचे हात दुसऱ्याचे झाले. मांड्या पेटल्या. आम्ल साचतंय, हे त्याला नीट कळत होतं. कळण्याचा उपयोग नव्हता. नवसूचे पाय जन्मभर चिखल तुडवत आलेले. त्याच्या पेशींतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे श्वासातल्या प्राणवायूवर चालणारी ऊर्जाकेंद्रं, घाई न करता कामाला लागली. त्याने महिपतचा खांदा मागे पिरगळून उखळीतून काढला, मानेवर गुडघा दिला आणि तोंड चिखलात दाबलं.

"सोडतोस बांध?"

महिपत सोडायला तयार होता. बोलायला तोंड मोकळं नव्हतं, म्हणून त्याने जिमच्या रिवाजाप्रमाणे शरणागतीच्या दोन थापा चिखलावर मारल्या.

"अजून हात उचलतो!" नवसू म्हणाला आणि त्याने सगळं वजन गुडघ्यावर टाकलं.

सरिताने धावत येऊन बांधावर पडलेल्या फावड्याचा दांडा नवसूच्या पाठीत घातला. तो हलला नाही. पुन्हा घातला. चिखलातले बुडबुडे थांबले, तशी तिने फावडं टाकलं.

"भावजी, बांध घ्या! माणूस सोडा!"

नवसू लगेच उठला. महिपत उताणा होऊन चिखल ओकला आणि हिसक्या-हिसक्याने श्वास घेऊ लागला.

फुटलेल्या बांधातून दोन्ही खाचरांचं पाणी ओढ्याकडे चाललं होतं. नवसूने महिपतच्या भातात आणखी हातभर आत पाय रोवला. "इथून."

सरिताने पहिलं ढेकूळ उचलून त्याच्या हातात दिलं.