खंडेनवमीची ओळ

फुलंब्रीची सुलेखा शेंद्र्याच्या एका कारखान्यात मशीनचे प्रोग्राम लिहायची. पोरगी हुशार, पण नाही म्हणायला कधी शिकली नाही. बिघाड झाला की लॅपटॉप मशीनला जोडायचा आणि डीबगरमध्ये संशयाच्या ओळीवर लाल ठिपका ठेवायचा. प्रोग्राम तिथं येऊन थबकला की एकेक ओळ पुढं सरकवत ती चूक हुडकायची.

या वेळी मात्र चूक कुणाची हे आधीच ठरलं होतं. प्रेसवर वीस वर्षं काढलेल्या पुंडलिककाकांची दोन बोटं चिरडली. हात आडवा आला की प्रेस थांबवणारा सेन्सर असताना हे झालं, म्हणजे काकांनीच काहीतरी उद्योग केला असणार, असं मॅनेजर विश्वजीत सरांनी लिहूनही टाकलं. सुलेखानं फक्त प्रोग्राम ठीक असल्याची सही करायची होती.

तिनं सेन्सरच्या ओळीवर ठिपका ठेवला आणि प्रेस रिकामी चालवली. प्रोग्राम तिथं थांबलाच नाही, ती ओळ ओलांडून पुढं गेला. ओलांडायला सांगणारी ओळ तिच्याच हातची होती. शेजारी तिचीच टीप: ‘खंडेनवमी. उद्या काढणे.’

पूजेला प्रेसला बांधलेली झेंडूची माळ नेमकी सेन्सरच्या आड आली होती. बांधलेली माळ काढायची कुणी? मुहूर्ताचा पहिला ठोका तर पडायलाच हवा. सर म्हणाले आणि सुलेखानं सेन्सर प्रोग्राममधून वगळला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. माळ वाळून गेली, ओळ तशीच राहिली.

सांगावं तर पुढच्या महिन्यात कायम होणारी नोकरी गेली, गप्प बसावं तर काका नाहक अडकले. इकडे आड, तिकडे विहीर. सर आत आले, स्क्रीन पाहिली आणि आधी प्रेसच्या शेडचं दार लावलं.

“ओळ काढ, सही कर. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर वळायचा सुलेखानं. तिला स्वतःची किळस आली, तरी बोट पुसायच्या बटणावर गेलंच.

तेवढ्यात दार ढकलून काका आत आले. जबाबावर अंगठा द्यायला त्यांना बोलावलं होतं, उजव्या हाताला बँडेज होतं.

“ताई, घरी सांगितलं म्या, चूक माझीच व्हती. पण काय केलं तेच आठवंना. मशीनमधी बघून सांगा, म्हंजी झोप तरी लागंल.”

सर तिच्याकडं रोखून बघत होते. सुलेखानं बोट उचललं आणि लॅपटॉप काकांकडं फिरवला. “सेन्सर या ओळीनं बंद होता, काका. ओळ माझी.”

काकांनी अक्षर अक्षर लावत टीप वाचली. मग बँडेजचा हात स्क्रीनवरच्या ‘उद्या’वर टेकवला.

“ह्ये उद्या कधीचं व्हतं, ताई?”