पोट भरल्याचा निरोप

नुंगंबाक्कम भागातल्या एका दवाखान्यात त्या बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. पिकलेले केस, साधी सुती साडी. काही बोलण्याआधी पदरानं चष्मा पुसायची त्यांना सवय होती.

डोक्याचं ऑपरेशन झाल्यापासून माझी दहा वर्षांची लेक सतत खायला मागायची. तिथंही तिनं माझ्या पर्समधला बिस्किटांचा पुडा ओढला आणि मी सगळ्यांदेखत तिला चापट मारली.

"मारू नका," बाई हलकेच म्हणाल्या. त्यांची मराठी तंजावरकडची, जुन्या वळणाची. मेंदू, हार्मोन्स आणि भूक यांवर त्या संशोधन करत होत्या. मी ऑपरेशनचं सांगितलं, तशा त्या म्हणाल्या,

"ती हावरट नाही. पोट भरल्याचा निरोप तिच्या मेंदूला पोचतच नाही. जेवूनही ती उपाशीच उठते."

"बरी होईल ना?" मी विचारलं.

त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "ठाऊक नाही. शोधतोय आम्ही."

तेवढ्यात आमचा नंबर आला. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

स्वयंपाकघराला अजून कुलूप लावावं लागतं. लेक दाराशी येऊन उभी राहिली की मी विचारते, "भूक लागली ना गं?" ती मान हलवते. मग आम्ही दोघी तिथेच बसून जेवणाच्या वेळेची वाट बघतो.