बावखलातून गेलेली रेघ

नंदाखालच्या आल्बिनाशी भांडायला सहसा कुणी उभं राहत नाही. तिचा नवरा ॲन्सेल्मसुद्धा नाही, आणि त्याला तर चाळीस वर्षांचा सराव आहे. अशा बाईच्या परसातून निवडणुकीच्या प्रभागाची रेघ ओढली, ही त्या नकाशावाल्यांची पहिली चूक.

दुसरी चूक त्याहून भारी. तिच्या परसातलं, आळीतल्या केळीच्या वाड्यांना पाणी पुरवणारं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं जुनं तळं, त्यांनी ‘नाला’ म्हणून दाखवलं. नाला म्हणजे नैसर्गिक सीमा. झालं! अलीकडची घरं एका प्रभागात, पलीकडची दुसऱ्यात, आणि दोन्हीकडे टॉवरवाल्यांची मतं ढिगानं. उद्या बावखल बुजवायला मातीचे डंपर आले, तर या मूठभर घरांसाठी कुठला नगरसेवक धावणार?

“जाऊ दे गं,” ॲन्सेल्म म्हणाला. “रेघ कागदावर आहे. पाणी थोडंच दुभंगतंय?”

“पाणी नाही, आपण दुभंगतोय. तुझा धाकटा भाऊ पलीकडे राहतो. गेल्या खेपेला गाळ काढायला आला नाही. आता म्हणेल, माझा प्रभागच वेगळा!”

त्या भावाशी, गॉडफ्रेशी, तिचा तीन वर्षं अबोला होता. तरी त्याच्या दारात जाऊन, एक शब्द न बोलता, तिने हरकतीच्या अर्जावर त्याची सही घेतलीच.

सुनावणीला साहेब म्हणाले, “मावशी, नियमानं सीमा नाल्यावरच आहे.”

“साहेब, नाला कुठून तरी येतो, कुठं तरी जातो. आमचं बावखल कुठं जातं ते दाखवा. तोवर मी इथंच बसते.”

साहेबांनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला. मागे गॉडफ्रे खोकला. हसू लपवायची त्याची ती जुनी रीत.

“हरकत नोंदवली,” साहेब म्हणाले.

अंतिम नकाशा आला. रेघ जिथल्या तिथं!

आता तरी ही गप्प बसेल, असं ॲन्सेल्मला वाटलं. चाळीस वर्षांत काय शिकला कोण जाणे! आल्बिनाने दोन्ही काठांवर निरोप फिरवला: प्रचाराला येणाऱ्याला ओटीवर घ्यायचं नाही, खुर्ची द्यायची नाही. दोन्ही प्रभागांच्या उमेदवारांनी रविवारी चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर बावखलावर यायचं, आणि ते राखण्याचा शब्द सगळ्यांसमोर द्यायचा.

“आणि आलेच नाहीत तर?” तीन वर्षांनी गॉडफ्रेने तोंड उघडलं.

“मग तिकडून तू उभा राहा, इकडून मी राहते. पण मेल्या, आधी उद्या गाळ काढायला ये!”