चौथ्या काकूचा उकिरडा

आमच्या गावात सगळ्यांचं आडनाव तान. दुसऱ्या आडनावाची म्हणजे फक्त कुत्री आणि सुना, कारण आमच्याकडे लग्नानंतरही बाईचं आडनाव माहेरचंच राहतं. मीही सूनच, त्यामुळे या गावाला नावं ठेवायचा मला पुरेपूर हक्क आहे. माझ्या शेजारी चौथी काकू राहायची. घरातल्या चौथ्या भावाची बायको म्हणून चौथी. तिचं माहेरचं नाव कुणी कधी विचारलं नाही.

तिची आधीची दोन मुलं तान्हेपणीच गेली. तिसरा झाला तेव्हा तिने त्याचं नाव ठेवलं उकिरडा. उकिरड्यावरचं कोण उचलून नेतं? यमसुद्धा नाक मुरडून पुढे जातो. पोर जगलं आणि चांगलं दांडगं झालं. नवरा वारल्यावर घरात मायलेक दोघंच उरली.

फौजेचा इतिहास शहरातली माणसं लिहितात. मी तो जात्याशी बसून पाहिला आहे. आधी डोंगरातून थोडीशी पोरं उतरली, पायात गवताच्या वहाणा, दोघांत एक बंदूक. आमची रताळ्याच्या पिठाची पातळ घावनं खाऊन, आमचीच अंगणं झाडून गेली. मग ती वाढत गेली, खेचरं आली, त्यांना पूर्वेची फौज म्हणू लागले. एका उन्हाळ्यात ही फौज मागे हटली आणि दुसऱ्या बाजूच्या सरकारी शिपायांनी येऊन आमचा राळा जाळला. पुढल्या वर्षी ती परत आली ती तोफा ओढत. तोफा कालच्या शत्रूच्या, तोफा डागणारेही तेच, फक्त टोप्या बदललेल्या. मागून आमचे बाप्ये एकचाकी गाड्यांवर धान्य ढकलत निघाले. यी नदीवरून धुकं यायचं आणि त्यात माणसांचे पाय बुडून जायचे. नुसती धडं तरंगत चालल्यासारखी वाटायची. गाड्यांची कुरकुर ऐकता ऐकता पीठ कधी दळून व्हायचं, कळायचंच नाही.

पोरांनी फौजेत नावं घातली तेव्हा खळ्यावर ढोल वाजत होते. सगळ्यांच्या छातीवर कागदाची लाल फुलं. शाळामास्तर म्हणाले, "उकिरडा हे काय फौजेत चालणारं नाव आहे का?" आणि प्रत्येकाला एकेक भारदस्त नाव देऊ लागले. उकिरड्याची पाळी आली तशी काकूने दोन्ही कान गच्च दाबले.

"मला सांगू नका, मास्तर. आईच्या कानात शिरलं की तोंडात येतं. तोंडात आलं की वर यमाला ऐकू जातं!"

सगळे हसले. मीसुद्धा हसले. ढोलांच्या गलक्यात ज्याने त्याने आपल्या पोराचं नाव तेवढं लक्षात ठेवलं. मास्तरही त्याच फौजेबरोबर गेले आणि परत आले नाहीत. पोराला लिहिता येत नव्हतं, काकूला वाचता येत नव्हतं.

पुढे फौज जेव्हा जेव्हा गावावरून गेली, तेव्हा काकू घावनांची टोपली घेऊन धुक्याच्या कडेला उभी राहायची. "उकिरड्याऽऽ!" अशी हाक घालायची. रांगेतली कितीतरी डोकी वळायची.

"कुठला उकिरडा हवाय, काकू? आमच्या तुकडीत दोन आहेत. शिवाय एक शेणगोळा."

"माझा उंच आहे रे. काळा."

"आंघोळ कुणी केली आहे? सगळेच काळे!"

एकदा एका अधिकाऱ्याने विचारलं, "फौजेतलं नाव सांगा, मावशी, मी शोधून देतो."

"तेच तर ऐकून घ्यायचं नाही मला."

त्याने कपाळावर हात मारला. टोपली रिकामी करून काकू परतायची आणि मला म्हणायची, "इतके उकिरडे जिवंत आहेत गं. माझा कसा नसेल?" मला तिचा राग यायचा आणि तिच्यासाठी जीवही तुटायचा.

लढाई संपली. फौज मोठी नदी ओलांडून दूर दक्षिणेला गेली. मग एका सकाळी, तशाच धुक्यात, एक हात नसलेला जवान गल्लीत आला. लुआन त्याचं नाव, उत्तरेला आपल्या गावी निघाला होता.

"तान होंगयुआनचं घर कोणतं?"

"काय काम आहे?" काकूने विचारलं.

"नदी ओलांडताना तो गेला. त्याच्या आईला भेटेन, असा शब्द दिला होता मी."

"अगं बाई! कुणाचं पोर गं हे?" काकूने त्याला बसवलं, घावनात कांद्याची पात गुंडाळून दिली. "चल, मी येते. इथे सगळेच तान. एकटा विचारत फिरलास तर म्हातारा होशील."

दारोदार तीच पुढे, मागे लुआन आणि मी. दार उघडणारीचा चेहरा आधी पांढरा पडायचा. "घाबरू नकोस, नाव तर ऐक," काकू म्हणायची. नाव ऐकलं की त्या बाईचा श्वास सुटायचा. "आमचा नाही हो." आणि मग सुटल्याची लाज वाटून ती उगाच पाण्याचा वाडगा पुढे करायची.

विहिरीपाशी कुणीतरी विचारलं, "दिसायला कसा होता?"

"उंच. पुढचा दात अर्धा तुटलेला. अक्रोड फोडायची पैज लावली होती म्हणे."

 ती पैज माझ्याच अंगणात लागली होती. मी काकूकडे पाहिलं. तिने वळून पाहिलं नाही. "अजून घरं राहिली आहेत," म्हणाली आणि चालू लागली. उरलेल्या प्रत्येक दारात तिने आधीपेक्षा मोठ्याने विचारलं. आत चूल पेटवायला, भांडी आवरायला गेलेल्या बायकाही ऐकून बाहेर आल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या. 

शेवटी गल्ली संपली. लुआन बिचारा म्हणाला, "काकू, मी गाव चुकलो की काय?"

"नाही, बाळा. एक दार राहिलंय."

ती आपल्या घरात गेली. आतून दार लावून घेतलं. आत पाणी ओतल्याचा आवाज आला. मग दार उघडलं. तिने केस पाण्याने चापून बसवले होते, धुतलेला सदरा घातला होता. ती उंबऱ्यात उभी राहिली.

"आता विचार."

लुआन माझ्याकडे पाहू लागला. मी डोळ्यांनीच हो म्हटलं.

"तान होंगयुआनचं घर हेच का?"

"तान होंगयुआन," काकू हळूच म्हणाली. लाडक्याचं नाव आई ज्या आवाजात घेते, त्याच आवाजात. "हो. हेच. मी त्याची आई."