ट्रॉली हलली न्हाय म्हणून

आज सकाळी भूमच्या रस्त्यावर माझे दीर मोटरसायकलवरून उसाच्या उभ्या ट्रॉलीला मागून धडकले. गाडीचं तोंड ट्रॉलीखाली असं घुसलं की चौघांनी ओढूनही निघंना.

मी पोचले तवा भावजी कडंला बसून चहा पीत होते. अंगावर रक्ताचा थेंब न्हाय. जमलेले लोक म्हणत होते, "ट्रॉली तसूभर हलली न्हाय, मार कितीसा बसणार?" एकजण हसला, "पाव्हण्यानं ट्रॉलीला मिठीच मारली की."

मला संताप आला. म्या म्हणलं, "रोज भिंतीवर गोवऱ्या थापते मी. भिंत हलत न्हाय, पण शेणाचा गोळा चपटा होतोच ना? एवढ्या जोरात आलेली गाडी जागच्या जागी चिकटली, मग तो जोर गेला कुठं? ट्रॉलीनं घेतला न्हाय. थोडा गाडीनं घेतला, बाकीचा भावजींच्या अंगात शिरला. उठा भावजी, दवाखान्यात चला."

"चहा तरी संपू द्या, वैनी," भावजी म्हणले. लोकांनी त्यांना दुसरा कप दिला.

धाराशिवच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचं बोलणं बंद झालं. डॉक्टर म्हणले, पोटात आतून फुटलंय, रक्त साचलंय, लई उशीर केला. आता ऑपरेशन चालू हाय. जाऊ फरशीवर बसलीय.

खालची मोटरसायकल उपसून काढली अन् ट्रॉली कारखान्यावर गेली बी. तिला ओरखडा न्हाय.

मला एवढंच सांगा, असा माणूस रस्त्याकडंला दिसला तर तुम्ही त्याला दवाखान्यात नेणार, का चहा पाजणार?